मोसंबीचे दिवस आणि चार यंत्रं

गणपती उठले की आठ-दहा दिवसांत मोंढ्याच्या रस्त्यावर मोसंबीचे ढीग लागतात. हिरवट पिवळी फळं, एखाद्याच्या देठाला अजून पान चिकटलेलं. या दिवसांत माझं कशात लक्ष लागत नाही. मी कपाटं आवरते, आवरलेली पुन्हा आवरते, डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलते, आणि हे सगळं झालं की पदर खोचून अंगणात उभी राहते. काय राहिलं ते आठवत नाही, पण काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. घरातल्यांना सवय झाली आहे. "मोसंबी आली वाटतं बाजारात," असं ते आपसांत म्हणतात.

परवा भाची आली होती. तिला घरासाठी ज्यूसर घ्यायचा आहे. कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी आत्याला विचारायचं, ही आमच्याकडची रीत, कारण आत्याकडे याद्या असतात. मी तिला धडाधड सांगत सुटले. आधी धुवायला सोपा आहे का बघ. जाळीच्या भोकांत चोथा अडकला आणि तो काडीने काढावा लागला, तर आठव्या दिवशी यंत्र माळ्यावर जातं. बी फुटणार नाही असा घे. मोसंबीची बी भरडली की रस कडू होतो, आणि तो कडूपणा साखरेने जात नाही. सालीचं तेल रसात उतरता कामा नये. काढलेला रस ठेवायचा नाही. अर्ध्या तासात त्याला कडसर चव येते, मग तो कितीही महागाच्या यंत्रातून निघालेला असो. आणि पितळेचं भांडं तर जवळही आणू नकोस. कल्हई उडालेली असली की आंबट रस कळकतो.

"आत्या, तुला एवढं कसं माहीत?" भाचीने विचारलं.

मी म्हटलं, "चार यंत्रं वापरली आहेत." आणि उठून चहा टाकायला गेले.

ती चारही यंत्रं मी पंधरा दिवसांत वापरली. सत्तरच्या सालानंतरची तीन-चार वर्षं उलटली असतील. आम्ही जालन्यात मस्तगडला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. हे पंचायत समितीत कारकून, मी शाळेत शिक्षिका, लग्नाला चार वर्षं झालेली. माझं माहेर कुंभार पिंपळगावचं. घरची कोरडवाहू जमीन, ज्वारी, तूर, थोडा कापूस. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. पावसाळा सरता सरता दादांना ताप भरला तो उतरेचना, तेव्हा माझा भाऊ केशव त्यांना एस.टी.त बसवून माझ्याकडे घेऊन आला. डॉक्टरांनी टायफाईड सांगितला.

दादा आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक पिशवी होती. तीत तांदूळ, मिठाची पुडी आणि त्यांचा स्वतःचा तांब्या. मी हसले होते. "दादा, जालन्यात मीठ मिळतं."

"मिळतंय की," दादा म्हणाले. "पर घरचं आसलेलं बरं."

केशवने येतानाच मोंढ्यातून मोसंबीची थैली भरून घेतली होती. चार दिवस तो राहिला. मग ज्वारीच्या पेरणीची घाई म्हणून गेला. जाताना गोळ्या आणून ठेवल्या आणि मला म्हणाला, "ताई, तुझ्यावर सोडून चाललो. तू बराबर करशील, मला फिकीर न्हाई."

मी बराबर करणारच होते. शाळेच्या जुन्या वहीची कोरी पानं शिवून मी दोन भाग केले. पहिल्या भागात घरातल्या सामानाची नोंद, म्हणजे काय आहे, काय संपलं, काय आणायचं. दुसऱ्या भागात दादा. किती वाजता किती ताप, किती पेज, किती रस. डॉक्टरांनी बजावलं होतं, आतडी नाजूक झाली आहेत, घट्ट काही द्यायचं नाही, पातळ पेज आणि दिवसाला चार पेले मोसंबीचा रस पोटात गेलाच पाहिजे. मी लिहून घेतलं आणि चारखाली दोनदा रेघ मारली.

पहिलं यंत्र म्हणजे काचेची वाटी, मधोमध खाचा असलेला सुळका. अर्धी मोसंबी त्यावर पालथी धरायची आणि मनगट फिरवायचं. रस खाली कडेच्या खोलगट भागात जमतो, बिया वर अडकतात. मनगट दुखतं एवढाच तोटा. नवीन जालन्यातल्या भांड्यांच्या दुकानातून मी ती घेतली, आणि चांगली आठवडाभर दादा त्यातला रस निमूट प्यायले. पेजही प्यायले. तापाचा आकडा रोज थोडा थोडा खाली येत होता. मी शाळेत शिकवताना मनातल्या मनात तो आलेख काढायची.

मग एक दिवस दादांनी पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"कडू लागून राह्यलं, माय."

मी चाखून पाहिला. मला तो गोड लागला. म्हटलं, तापाचं तोंड आहे. संध्याकाळी पुन्हा काढला. पुन्हा एक घोट, पुन्हा पेला खाली. पेजेचंही तेच. "तुझं काय चुकलं न्हाई. माझ्याच तोंडाला चव न्हाई."

माझ्यासारख्या बाईला असं सांगून चालत नाही. चुकलं नाही तर मग दुरुस्त काय करायचं? मी ठरवलं की काचेच्या सुळक्याने आतला पांढरा पापुद्रा खरवडला जातो आणि त्याने कडूपणा येतो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टांगा करून नवीन जालन्यात गेले आणि अ‍ॅल्युमिनियमचं दोन दांड्यांचं यंत्र आणलं, मोठ्या अडकित्त्यासारखं. अर्धं फळ आत ठेवायचं आणि दांड्या दाबायच्या. रस भरपूर निघाला, पण फळ सालीसकट दाबलं गेल्याने तेलाचा तवंग आला. तो खरोखरच कडवट होता. दादांनी तेवढा एक घोटही घेतला नाही.

तिसरं यंत्र मी एका ओळखीच्या घरून मागून आणलं. रसवाल्याच्या गाडीवर असतं तसं, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं, वरून सोललेल्या फोडी टाकायच्या आणि मूठ फिरवायची. आमच्याकडे टेबल नव्हतं. ह्यांनी पाट आडवा धरला, मी मूठ फिरवली, पाट हलला, रस भिंतीवर गेला. दुसऱ्यांदा जमलं, पण त्याने बिया पार दळल्या. त्या रसाचा वास अजून नाकात आहे, औषधासारखा.

"दुकान टाकायचंय का आपल्याला?" हे म्हणाले. मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

चौथं विजेचं. ह्यांच्या साहेबांच्या बायकोने हैदराबादहून आणलेलं. ते तिने दिलं ते दहा सूचनांसकट, आणि मी त्या दहाही लिहून घेतल्या. सुरू केल्याबरोबर त्याने असा आवाज केला की पलीकडच्या खोलीत दादा खाटेवर उठून बसले. "पीठाची गिरणी आणलीस का गं घरात?" दोन मिनिटांनी वीज गेली. आली तेव्हा अर्धा निघालेला रस काळपट झाला होता.

दादांचे गाल आत गेले. खांद्याची हाडं सदऱ्यातून दिसू लागली. पाणी तेवढं ते पीत, स्वतःच्या तांब्याने. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत पोटात काही गेलं नाही तर औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. औरंगाबादचं नाव काढलं की दादा भिंतीकडे तोंड करून झोपत.

ते दिवस आठवले की मला माझे हात आठवतात. ते थांबतच नसत. चिरणं, पिळणं, गाळणं, धुणं, पुसणं, लिहिणं. बोटांच्या कडांना सालीने चरचरायचं. खडू धरला की फळ्यावर पिवळट डाग उठायचा. ऊन भाद्रपदाचं, कडक, घाम काढणारं, आणि घरभर आंबूस गोड वास. मोसंबीच्या साली मी खिडकीत वाळत घालत होते, वाया जाऊ नयेत म्हणून. त्यांचं काय करायचं हेही मला माहीत नव्हतं. आता कळतं, यंत्रं बदलणं सोपं होतं. दादांच्या खाटेवर बसून "दादा, खरं सांगा, काय झालं?" असं विचारणं अवघड होतं. ते मी त्या पंधरा दिवसांत एकदाही केलं नाही.

आमच्या शाळेत साळवेबाई गणित शिकवायच्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, तोंडाने फटकळ, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. पलीकडच्या गल्लीत राहायच्या. रविवारी त्या दादांना बघायला आल्या. मी त्यांच्यासमोर चारही यंत्रं मांडली आणि प्रत्येकाचे दोष सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वही दाखवा."

त्यांनी वही चाळली. पुढे गेल्या, मागे आल्या. मग एक बोट पहिल्या भागात आणि एक दुसऱ्या भागात घालून माझ्यासमोर धरलं.

"बाई, हे वाचा."

पहिल्या भागात माझ्याच अक्षरात होतं, तांदूळ संपले, मीठ संपलं, केशवची मोसंबी संपली, आजपासून घरचं. दुसऱ्या भागात, रस नको म्हणाले, कडू लागतो, पेजही नको. तारीख एकच.

"तुम्ही सगळं बराबर लिहिलंय," साळवेबाई म्हणाल्या. "फक्त पानं येगळी येगळी. तुमच्या दादांना यंत्राचं कडू लागून न्हाई राह्यलं. लेकीच्या घरचं कडू लागून राह्यलंय."

मला माहीत नव्हतं असं नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न तोंडात घालायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला माहीत नसतं? लग्नानंतर दादा चार वेळा आले. दर वेळी उंबऱ्याजवळ बसले, शेंगांचं गाठोडं दिलं आणि न खाता संध्याकाळच्या गाडीने परत गेले. पण आजारात ते पेज प्यायले, तेव्हा मला वाटलं, सुटलं ते सगळं. ती पेज त्यांच्याच तांदळाची, त्यांच्याच मिठाची होती, हे मी विसरले. किंवा विसरले नसेन. ती गोष्ट काढायची म्हणजे माझ्या चार वर्षांच्या रिकाम्या पाळण्याची गोष्ट काढायची. त्यापेक्षा नवीन जालन्याला टांगा करणं बरं.

"पाणी कसं पितात मग?" मी विचारलं.

साळवेबाईंनी दारातूनच दादांना विचारलं, "काका, पाणी कसं चालतं हो?"

दादा डोळे मिटून पडले होते. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "पाणी देवाचं आसतंय. ते कुणाच्या घरचं नसतंय."

"आन् मोसंबी झाडाची नसती व्हय?"

दादांच्या ओठांवर हसू आलं, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. साळवेबाई आत जाऊन खाटेशेजारी पाट ओढून बसल्या.

"मी तुमच्या कमलबरोबर शाळेत शिकवते."

"गाव कोणतं?"

"परतूरकडची."

"कुणाच्या?"

"साळव्यांची. बौद्ध हाओत आम्ही."

दादा "बरं" म्हणाले आणि चादर छातीपर्यंत ओढून घेतली. साळवेबाईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

"काका, लेकीच्या घरचं तुम्हाला चालत न्हाई. ठीक हाय, तुमची रीत. पर मी काय तुमची लेक न्हाई. उद्या मी माझ्या घरून रस घेऊन येते. चालंल?"

दादांनी तोंड भिंतीकडे केलं.

"जल्दी न्हाई," साळवेबाई उठत म्हणाल्या. "रातभर इचार करा. सकाळी शाळेच्या आधी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. हातात झाकण ठेवलेलं स्टीलचं फुलपात्र. दादा भिंतीला टेकून बसले होते. अंगात ताकद नव्हती, पण बसले होते. त्यांनी फुलपात्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घसा खाकरला.

"कमल, तू आज रस न्हाई काढला का?"

मी म्हटलं, "तुम्ही पीत नाही म्हणून..."

"काढ. तुझाच आण. लेकीच्या हातचंच बरं."

मी स्वयंपाकघरात पळाले. चार यंत्रांतलं कुठलं घ्यायचं याचा विचारही केला नाही. समोर काचेची वाटी होती, तीच ओढली. घाईत एक फोड खाली पडली. पाच मिनिटांत पेला घेऊन आले. दादांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला. मिशांना लागलेला रस पालथ्या हाताने पुसला.

"गोड हाय," म्हणाले.

मला आनंद झाला. तो मी लपवणार नाही. मी लहान मुलीसारखी रडले, वही उघडली आणि लिहिलं, रस, पूर्ण पेला. मग वही मिटून वळले तेव्हा मला साळवेबाई दिसल्या. त्या दाराशी अजून उभ्या होत्या, फुलपात्र हातात तसंच.

त्यांनी झाकण काढलं आणि तो रस स्वतः प्यायल्या, उभ्या उभ्याच, सावकाश. झाकण पुसलं, फुलपात्र पिशवीत ठेवलं.

"पोटात गेलं ना त्यांच्या? झालं तर मंग. चला बाई, घंटा व्हईल."

त्यानंतर दादांनी कशालाच नाही म्हटलं नाही. पेज, रस, पुढे मऊ भात. औरंगाबादला जावं लागलं नाही. दिवाळीच्या तोंडावर केशव येऊन त्यांना घेऊन गेला. मी दिवाळीला माहेरी गेले तर गावात दादांचं कौतुक चाललेलं. "लेकराबाळाची वाट न्हाई पाह्यली, लेकीच्या घरचं खाल्लं. नव्या इचाराचा माणूस," असं पारावर म्हातारी माणसं म्हणत होती. दादाही ते ऐकून घेत, थोडे लाजत, थोडे खूश होत. "आरे, जीव वाचीवला पोरीनं," असं सांगत. खोटं त्यात काहीच नव्हतं. मी तिथे बसून शेंगा सोलत होते. एक-दोनदा मी तोंड उघडलं आणि तोंडात शेंगदाणा टाकला.

दादांना मी नंतरही कधी विचारलं नाही. ते माझ्यावर माया करणारे, जन्मात कुणाचा बांध न कोरलेले. मला नंतर दोन मुलं झाली. दादा माझ्या घरी महिना महिना राहिले, आवडीने जेवले. पण मोसंबीचे दिवस आले की मी त्या सकाळचा हिशेब पुन्हा मांडून बघते. दोन पेल्यांपैकी त्यांनी माझा का घेतला, मायेने की दुसरा टाळायला? दोन्हींचं उत्तर एकाच घोटात आहे आणि तो घोट वेगळा करून दाखवेल असं काही माझ्याकडे नाही. म्हणून मी अंगणात उभी राहते.

त्या सकाळी आम्ही दोघी शाळेकडे निघालो. साळवेबाई नेहमीसारख्या भरभर चालत होत्या. त्यांना गाठून मी म्हटलं, "बाई, तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाईट कशाचं? मला ठाऊकच होतं. माणसापुढं नको असलेल्या दोन गोष्टी ठेवल्या की त्यातली कमी नको असलेली उचलतंय ते. सोपं गणित हाय."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"मंग! चार चार यंत्रं जमा करण्यापेक्षा हे सोपं न्हाई का?" आणि त्या हसल्या. मीही हसले. मला बरं वाटलं. सगळं जागेवर बसल्यासारखं वाटलं.

मग न राहवून मी विचारलं, "पण एवढं ठाऊक होतं, तर खरोखरचा रस कशाला आणलात? झाकण ठेवलेलं रिकामं फुलपात्र आणलं असतं तरी चाललं असतं."

साळवेबाईंची चाल मंदावली. शाळेचं फाटक दिसायला लागलं होतं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पाच मोसंब्या सोलल्या सकाळी उठून," त्या म्हणाल्या. "एकेका फोडीचा पापुद्रा काढला. धुतलेल्या फडक्यातनं हातानं पिळला. एक बी राहू दिली न्हाई."

घंटा झाली. त्या आठवीच्या वर्गात गेल्या, मी सहावीच्या.